पहिल्या केमोच्या आधी

आचोळ्याहून शेअर रिक्षाने नालासोपारा पूर्वेचे स्टेशन गाठायचे, चर्चगेट लोकलमध्ये शिरायचे, दादर किंवा प्रभादेवीला उतरायचे आणि परळकडे चालू लागायचे. वसई-विरार पट्ट्यातून टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्यांची ही नेहमीची वाट. चर्चगेट ते नालासोपारा हे अंतर सुमारे ५६ किलोमीटर. एका हातात डब्यातली वरची कडी आणि दुसऱ्या हातात बायोप्सीचा रिपोर्ट, सीटी स्कॅनच्या फिल्म, रक्ताच्या चाचण्यांचे कागद भरलेली पिशवी, अशा अवस्थेत हा प्रवास करणारी माणसे विरार लाइनवर रोज असतात. त्यातली सगळीच म्हातारी नसतात. पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात स्तनाचा कर्करोग सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. रक्ताचे, लसिकाग्रंथींचे आणि वृषणाचे कर्करोग तर ऐन विशी-तिशीतही होतात. या वयातल्या कितीतरी जणांचे अजून लग्न व्हायचे असते, आणि लग्न झालेले असले तर पाळणा हलायचा असतो.

टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथून थोड्या मिनिटांच्या अंतरावर केईएम रुग्णालय आहे, शेजारी वाडिया प्रसूतिगृह आहे, आणि जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. याच संस्थेचे शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार आणि केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडाचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदींसह जगापुढे आलेली भारतातली ती पहिली टेस्ट ट्यूब बेबी. २०१६ मध्ये हर्षा स्वतः आई झाली, तेव्हाही बाळंतपण करायला डॉ. हिंदुजाच होत्या. देशातले सर्वांत नावाजलेले कर्करोग रुग्णालय आणि शरीराबाहेर गर्भ घडवण्याची विद्या या देशात जिथे रुजली ती जागा, दोन्ही एकाच परळमध्ये आहेत. तरीही कर्करोगाच्या ओपीडीतून बाहेर पडलेला तरुण रुग्ण ‘उपचारानंतर मला मूल होईल का, आणि त्यासाठी आत्ताच काही करून ठेवता येईल का’ हे विचारायला दुसऱ्या दारापर्यंत पोहोचतोच असे नाही. त्याला तो प्रश्न कोणी सुचवलेलाच नसतो.

न सुचवण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. ओपीडीत गर्दी असते. घरच्यांना आधी जीव वाचतो का हे जाणून घ्यायचे असते, मग खर्च, मग रजा, मग सोबतीला कोण जाणार. अशा वेळी मुलाबाळांचा विषय काढणे अनेकांना अप्रशस्त वाटते. मुलगी अविवाहित असेल तर आईवडील आणखीच गप्प होतात. पण हा विषय नंतर काढायचा म्हटले तर तोवर संधी हातची गेलेली असते. शुक्राणू किंवा स्त्रीबीजे जपून ठेवायची ती पहिल्या केमोच्या आधी. म्हणूनच हा प्रश्न निदानाच्या दिवशी, उपचाराची आखणी होत असतानाच निघाला पाहिजे आणि तो डॉक्टरांनी स्वतःहून काढला पाहिजे. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्येच तशी मार्गदर्शक सूचना काढली होती. आपल्याकडे तो प्रत्येक ठिकाणी निघेलच याची खात्री नाही, तोवर रुग्णाने आणि घरच्यांनी न लाजता विचारावे.

केमोची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण केसांची मुळे, तोंडाचा आतला थर, अस्थिमज्जा आणि शुक्राणू तयार करणाऱ्या पेशीही तशाच असतात. केस पुन्हा येतात. जननपेशींचे तसे खात्रीने सांगता येत नाही. पुरुषाच्या वृषणात मूळ पेशींपासून शुक्राणू घडायला साधारण अडीच महिने लागतात आणि हे काम आयुष्यभर चालू राहते. या मूळ पेशी वाचल्या तर वर्ष-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, शुक्राणू परत दिसू लागतात. त्या मेल्या तर दिसत नाहीत. स्त्रीचे गणित याहून कठोर आहे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजांडकोशात दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात त्यातली चारशे-पाचशेच पक्व होऊन बाहेर पडतात. नवी भर पडत नाही. केमोने साठा घटला की पाळी पुन्हा सुरू झाली तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता वाढते.

सगळी औषधे सारखी घातक नसतात. सायक्लोफॉस्फामाइड आणि प्रोकार्बाझिनसारखी अल्किलेटिंग गटातली औषधे बीजांडकोश आणि वृषण दोन्हींना सर्वाधिक इजा करतात, आणि सायक्लोफॉस्फामाइड स्तनाच्या कर्करोगात सर्रास वापरले जाते. हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगात एबीव्हीडी हा औषधसंच तुलनेने सौम्य, तर बीकॉप हा बराच जड. रेडिएशनचा परिणाम ते कुठे द्यायचे यावर ठरतो. बीजांडकोशातली निम्मी बीजे नष्ट व्हायला २ ग्रेपेक्षाही कमी मात्रा पुरते, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटाला ४५ ते ५० ग्रे देतात. म्हणून ‘केमो घेतली म्हणजे मूल होणार नाही’ हे जितके चूक, तितकेच ‘काही होत नाही, देव पाहून घेईल’ हेही चूक. कोणते औषध, किती मात्रा, रुग्णाचे वय काय, हे पाहून धोका कमी, मध्यम की जास्त हे डॉक्टरांना बऱ्यापैकी सांगता येते. तो अंदाज मागून घ्यावा.

पुरुषांसाठी उपाय सोपा आहे आणि तोच सर्वांत जास्त वेळा राहून जातो, याचे वाईट वाटते. वीर्याचा नमुना द्यायचा, शक्य झाल्यास दोन-तीन दिवसांच्या अंतराने दुसरा द्यायचा. प्रयोगशाळेत त्यात संरक्षक द्रव मिसळून तो उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. गोठवलेल्या शुक्राणूंपासून झालेल्या गर्भधारणांची पहिली नोंद १९५३ मधली आहे, म्हणजे हे तंत्र सत्तर वर्षांहून जुने आहे. आजारामुळे शुक्राणू थोडे आणि मंद असले तरी आता बिघडत नाही. १९९२ मध्ये ब्रसेल्समध्ये एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याचे इक्सी तंत्र यशस्वी झाले आणि मूठभर जिवंत शुक्राणूही पुरेसे ठरू लागले. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये वृषणाचा कर्करोग झाला, तो फुप्फुसात आणि मेंदूपर्यंत पोहोचला होता. केमोच्या आधी त्याने वीर्य साठवले आणि त्यापासून १९९९ मध्ये त्याला मुलगा झाला. पुढे २००९ मध्ये त्याला जे मूल झाले ते नैसर्गिक गर्भधारणेतून. साठवण करणे आणि शरीर आपोआप सावरणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात घडल्या. कोणाचे शरीर सावरेल हे आधी कळत नाही, म्हणून साठवण करायची.

रक्ताच्या तीव्र कर्करोगात उपचार दोन-चार दिवसांत, कधी त्याच दिवशी सुरू करावे लागतात. तरीही पुरुषाचा एक नमुना तेवढ्या वेळात घेता येतो. स्त्रीला मात्र तेवढा वेळ पुरत नाही.

समजा, आचोळे रोडवरच्या एका इमारतीत राहणाऱ्या २८ वर्षांच्या शिक्षिकेला स्तनाचा कर्करोग झाला. बायोप्सी झाली, रिसेप्टरच्या चाचण्या व्हायच्या आहेत, हृदयाचा इको बाकी आहे, केमो सुरू व्हायला दोन आठवडे आहेत. हे दोन आठवडे एरवी रांगेत आणि रिपोर्टची वाट पाहण्यात जातात. तेवढ्याच काळात तिची बीजे काढता येतात. पूर्वी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागे. आता पाळीच्या कोणत्याही दिवशी इंजेक्शने सुरू करतात. दहा-बारा दिवस रोज पोटावर इंजेक्शन, मध्ये तीन-चार सोनोग्राफी, मग बीजे पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन आणि त्यानंतर साधारण ३५ तासांनी, थोडा वेळ भूल देऊन, सोनोग्राफीत पाहत सुईने बीजे ओढून घेतात. त्याच दिवशी संध्याकाळी घरी. इंजेक्शनांनी शरीरातले इस्ट्रोजेन वाढते, आणि काही स्तनकर्करोग इस्ट्रोजेनवरच पोसतात, ही भीती रास्त आहे. म्हणून सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या देतात, त्यांनी इस्ट्रोजेन खाली राहते.

अविवाहित मुलीच्या घरी इथे एक अडचण हमखास येते. बीजे काढण्याचा नेहमीचा मार्ग योनीतून असतो, हे ऐकून आई थबकते. ही शंका डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडावी, कारण काही वेळा पोटावरून बीजे काढता येतात. आणि ही गोष्ट लग्नासाठी लपवण्याची नाही. ज्या मुलीने जीवघेण्या आजारातही पुढचा विचार केला, तिचा तो शहाणपणा आहे.

निघालेली बीजे गोठवणे हे फार दिवस अवघड होऊन बसले होते. स्त्रीबीज ही मानवी शरीरातली सर्वांत मोठी पेशी, आत भरपूर पाणी. फ्रीजरमध्ये विसरलेली पाण्याची काचेची बाटली जशी तडकते, तशी हळू गोठवलेली पेशी बर्फाच्या स्फटिकांनी आतून फाटते. गोठवलेल्या स्त्रीबीजापासून पहिली गर्भधारणा १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात ख्रिस्तोफर चेन यांनी साधली, पण ते यश पुन्हा पुन्हा मिळेना. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिट्रिफिकेशनचे तंत्र पक्के झाले. त्यात पेशीतले पाणी काढून संरक्षक द्रव भरतात आणि ती इतक्या झपाट्याने थंड करतात की स्फटिक बनायला वेळच मिळत नाही. आतला द्रव काचेसारखा घट्ट होतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या प्रजननवैद्यक संघटनेने स्त्रीबीज गोठवण्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. मात्र एक बीज म्हणजे एक मूल नव्हे. गोठवण आणि वितळवण, फलन, वाढ, गर्भाशयात रुजणे, दर पायरीवर गळती होते. पस्तिशीच्या आतल्या स्त्रीची दहा-पंधरा बीजे हाती असली तर बरी आशा धरता येते. कर्करोगाच्या रुग्णाला बहुतेकदा एकच फेरी मिळते, हेही तिला स्पष्ट सांगायला हवे.

विवाहित जोडप्यांना अनेकदा बीजाऐवजी गर्भ गोठवण्याचा सल्ला मिळतो. या तंत्राशी भारताचे नाव फार आधीपासून जोडलेले आहे. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गर्भ ५३ दिवस गोठवून मग गर्भाशयात ठेवला, आणि त्यातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी दुर्गा जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी असलेल्या इंग्लंडच्या लुईस ब्राऊननंतर केवळ ७० दिवसांनी. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, चौकशी समिती बसली, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. परळच्याच आनंद कुमारांनी १९९७ मध्ये त्यांच्या टिपणांचा अभ्यास करून, पहिलेपणाचा मान आपला नसून मुखोपाध्यायांचा आहे, असे जाहीर सांगितले. इतका मोठा मनाचा शास्त्रज्ञ क्वचित भेटतो.

गर्भावर मात्र दोघांचा हक्क असतो. इंग्लंडच्या नताली इव्हान्सने २००१ मध्ये बीजांडकोश काढून टाकण्याआधी जोडीदाराच्या शुक्राणूंपासून गर्भ करून गोठवले. पुढे दोघे वेगळे झाले, त्याने संमती मागे घेतली. ती न्यायालयामागून न्यायालये चढत युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली आणि एप्रिल २००७ मध्ये तिथेही हरली. तिच्याकडे स्वतःची बीजे उरलेली नव्हती. म्हणून विवाहितेनेही काही बीजे गर्भ न करता तशीच ठेवायचा विचार करावा, हे डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून सांगायला हवे.

वयात न आलेल्या मुलीला इंजेक्शनांचा मार्ग चालत नाही. तिच्या बीजांडकोशाचा तुकडा दुर्बिणीतून काढून गोठवता येतो आणि पुढे परत बसवता येतो. बेल्जियममध्ये जाक दोने यांनी १९९७ मध्ये हॉजकिन लिम्फोमा झालेल्या एका तरुणीचा असा तुकडा जपला, नंतर तिच्याच शरीरात बसवला आणि २००४ मध्ये तिला मूल झाले. जगात आता अशी दोनशेहून अधिक बाळे झाली आहेत. रक्ताच्या कर्करोगात मात्र या तुकड्याबरोबर आजारच परत शरीरात जाण्याची भीती असते. ओटीपोटाला रेडिएशन द्यायचे असेल तर बीजांडकोश शस्त्रक्रियेने वर सरकवून किरणांच्या वाटेतून बाजूला ठेवता येतात. केमोच्या काळात महिन्याला एक गोसेरेलिनचे इंजेक्शन देऊन बीजांडकोश निद्रिस्त ठेवण्याचा उपायही आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हे इंजेक्शन घेतलेल्या स्त्रियांपैकी ८ टक्क्यांचे बीजांडकोश दोन वर्षांनी निकामी आढळले, न घेतलेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. ते जोडीला घ्यावे. बीजे गोठवण्याची जागा ते घेऊ शकत नाही.

आणि पुढे गरोदर राहणे सुरक्षित आहे का? स्तनाच्या कर्करोगानंतर पाच-दहा वर्षे टॅमॉक्सिफेनसारखी गोळी घ्यावी लागते आणि ती चालू असताना गर्भ राहू देता येत नाही. पाच-दहा वर्षे थांबायचे म्हणजे तिशीतली बाई चाळिशी ओलांडते. २०२३ मध्ये ‘पॉझिटिव्ह’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. दीड ते अडीच वर्षे गोळी घेतल्यावर मूल होण्यासाठी ती जास्तीत जास्त दोन वर्षे थांबवलेल्या पाचशेहून अधिक स्त्रियांमध्ये तीन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण ८.९ टक्के होते. गोळी न थांबवलेल्या तशाच स्त्रियांमध्ये ते ९.२ टक्के. शंभरातल्या ७४ जणींना गर्भ राहिला. दीर्घकाळचे निकाल अजून यायचे आहेत, पण ‘कर्करोग झालेल्या बाईने मुलाचा विचारही करू नये’ या जुन्या समजुतीला आता आधार राहिलेला नाही.

पैशाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. वीर्य साठवणे काही हजारांत होते. बीजे गोठवायची तर इंजेक्शने, शस्त्रक्रिया आणि साठवण मिळून खर्च लाखाच्या वर जातो आणि पुढे दरवर्षीचे भाडे वेगळे. आयुष्मान भारत योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, पण प्रजननाशी संबंधित उपचार वगळलेल्या यादीत आहेत. केमोचे दुष्परिणाम म्हणून उलटीची औषधे दिली जातात, रक्त कमी झाले तर रक्त दिले जाते. वंध्यत्व हाही त्याच औषधाचा दुष्परिणाम आहे. मग तो टाळण्याचा उपाय चैनीच्या खात्यात का टाकायचा? कर्करोगाच्या तरुण रुग्णांपुरती तरी ही यादी बदलायला हवी, आणि हा उपाय देण्यासाठी परळच्या सार्वजनिक संस्थांइतकी योग्य जागा दुसरी नाही.

कायदाही या रुग्णांकडे पाहून लिहिलेला नाही. सहायक जननतंत्रज्ञान कायदा २०२१ चा, जानेवारी २०२२ पासून लागू झाला. स्त्री अविवाहित असली तरी सेवा घेऊ शकते, ही त्यातली चांगली बाजू. पण उपचारांसाठी स्त्री २१ ते ५० आणि पुरुष २१ ते ५५ अशी वयाची चौकट आहे. उद्यापासून केमो घ्यायची असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाचे काय, याचे उत्तर ते कलम देत नाही. गोठवलेले गर्भ ठेवण्याची मुदत दहा वर्षांची आहे.

मृत्यूनंतर काय, हा प्रश्न तर न्यायालयांपुढेच आला. दिल्लीत एका अविवाहित तरुणाने जून २०२० मध्ये लिम्फोमाच्या केमोआधी वीर्य साठवले आणि १ सप्टेंबरला तो गेला. आईवडिलांनी नमुना मागितला, रुग्णालयाने नकार दिला. चार वर्षांनी, ४ ऑक्टोबर २०२४ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी तो आईवडिलांना देण्याचा आदेश दिला. मुंबईतल्या एका प्रकरणात नेमका उलटा कागद होता. केमोआधी वीर्य गोठवताना त्या अविवाहित तरुणाने, आपला मृत्यू झाल्यास नमुना नष्ट करावा, अशा पर्यायावर सही केली होती, आणि तीही घरच्यांशी न बोलता. त्याच्या मागे आई उच्च न्यायालयात गेली. जून २०२५ मध्ये न्यायमूर्ती मनीष पितळे यांनी सुनावणी पूर्ण होईपर्यंत नमुना सुरक्षित ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला. त्या तरुणाची सही महत्त्वाची की आईची आस, यावर माणसे दोन्ही बाजूंनी मनापासून बोलतील. पण निदानाच्या धक्क्यात असलेल्या मुलापुढे तो छापील फॉर्म सरकवण्याआधी कोणीतरी शांतपणे बसून त्यातला एकेक पर्याय समजावून सांगायला हवा होता, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

तेव्हा नमुना देताना तो फॉर्म घरी नेऊन वाचण्याची मुभा मागावी, निदान एक रात्र. सही केलेल्या प्रत्येक पानाची प्रत घ्यावी. मृत्यूनंतरचा पर्याय नंतर बदलता येतो का, कसा, हे लिहून घ्यावे. साठवणीचे भाडे कोणत्या महिन्यात भरायचे आणि ते थकले तर केंद्र किती दिवस वाट पाहते, हेही विचारावे. नालासोपाऱ्यात भाड्याने राहणाऱ्यांचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. खोली बदलते, कधी मोबाइल नंबरही बदलतो आणि केंद्राचे पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहते. म्हणून फॉर्मवर स्वतःच्या नंबरबरोबर गावाकडचा कायमचा पत्ता आणि घरातल्या आणखी एका माणसाचा नंबर द्यावा, आणि खोली बदलली की गॅस आणि बँकेच्या आधी त्या केंद्राला कळवावे.